नऊ मीटर बारा

१

खोली मोजायची एक रीत असते. दारातून आत शिरायचं, डाव्या हाताची भिंत धरायची आणि फिरत फिरत पुन्हा दाराशी यायचं. आधी लांबी, मग रुंदी, मग उंची. त्यानंतर दारं, खिडक्या, आणि सरतेशेवटी कोपऱ्यातला खांब, मध्येच खाली उतरलेली तुळई, कुणी कधी बसवला ते कुणालाच आठवत नाही असा एखादा नळ. धाकटीनं चोवीस वर्षं याच रीतीनं खोल्या मोजल्या होत्या. शाळा, दवाखाने, बँका, एकदा तर तुरुंगसुद्धा. आकडा आला की तो मोठ्यानं म्हणायचा, वहीत लिहायचा आणि त्याखाली दोन रेघा मारायच्या. दोन रेघा पडल्या की तो आकडा पक्का. मग त्याच्या भरवशावर मिस्त्री प्लाय कापायला मोकळा.

तिला धाकटी म्हणत ते भावामुळे. इंटिरियरची फर्म दोघा भावंडांची. साइटवरची माणसं त्याला थोरले आणि हिला धाकट्या बाई म्हणायची. बाईंची पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्या धाकट्याच. आठ महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, थोरला एका जिन्याचं ड्रॉइंग अर्ध्यावर ठेवून टेबलाशीच गेला. थोरला गेल्यावर धाकटी कुणाची धाकटी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नाव तेवढं राहिलं.

आणि विद्यापीठाचं काम राहिलं. गावाच्या टोकाला, जिथे बस वळसा घेऊन परत फिरते तिथे, विमा कंपनीचं जुनं तीनमजली कार्यालय विद्यापीठानं उपकेंद्रासाठी घेतलं होतं. एकतीस खोल्या, दोन जिने आणि एक लिफ्ट, जी चालते असं कागदावर होतं. सगळं मुख्य आवारासारखं हवं, असा वरून हुकूम. तोच पिस्ता रंग, तीच बाकं, तेच पाट्यांवरचं जाड अक्षर. मुख्य आवारातल्या खोल्यांची छतं अडीच पुरुष उंच आणि इथली मानेवर बसणारी, हे धाकटीनं तीनदा लेखी कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की आपले पत्र मिळाले.

उत्तर धाडणारे उपकुलसचिव बोलतानासुद्धा ‘उपरोक्त’ म्हणायचे. मिस्त्रीनं त्यांचं नाव परिपत्रक ठेवलं होतं. परिपत्रकांनी नवव्या खोलीचा उपयोग चार वेळा बदलला. आधी ती कोठी होती, मग उत्तरपत्रिकांची खोली, मग प्राध्यापकांची विश्रांतिका. शेवटी साठ विद्यार्थ्यांचा वाचनकक्ष ठरला, आणि तो ठरला तेव्हा पाहणी समितीला यायला सोळा दिवस उरले होते. वाचनकक्ष नसेल तर उपकेंद्राला मान्यता नाही. त्यासाठी प्रत्येक खोलीचं मोजमापपत्रक धाकटीनं सहीनिशी द्यायचं होतं. थोरले असते तर प्रश्नच नव्हता, असंही परिपत्रक म्हणाले. हे वाक्य धाकटीनं आठ महिन्यांत चार कार्यालयांत ऐकलं होतं. बोलणाऱ्याला ते सांत्वन वाटायचं. तिला ते नोटिशीसारखं वाटायचं.

नवव्या खोलीत, लांब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुस्तकांचं एकसंध कपाट. तिनं खोली मोजली, आकडा लिहिला, दोन रेघा मारल्या. कपाट आखूड पडलं.

२

मिस्त्रीचा फोन आला तेव्हा तो फार सभ्यपणे बोलत होता, त्यावरूनच तिनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. जरा येऊन जाता का, म्हणाला. ती गेली. कपाट दाराकडच्या भिंतीला चिकटून सुरू होत होतं, छान सरळ जात होतं, आणि पलीकडच्या कोऱ्या भिंतीपाशी पोचायच्या आधीच संपत होतं. कपाटाचं टोक आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. तिला फट म्हणणंही जिवावर येत होतं. मिस्त्रीनं त्यात कोपरापर्यंत हात घालून दाखवला.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही भिंत मोजलीत का माणूस?”

ही साइटवरची जुनी थट्टा. लेझरच्या यंत्राला भिंत कळत नाही, वाटेत पहिलं काय आलं तेवढं कळतं. कुणी रंगारी डबा घेऊन मध्ये उभा असला तर यंत्र त्याच्या सदऱ्यापर्यंत मोजतं आणि तोच आकडा छातीठोकपणे दाखवतं. नवशिक्यांकडून असं एकदा तरी होतंच. मग सगळी साइट त्याला महिनाभर विचारते, काय रे, आज माणूस मोजलास की भिंत.

धाकटीला हसू आलं नाही. ती नवशिकी नव्हती, आणि ज्या दिवशी तिनं ही खोली मोजली त्या दिवशी मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मिस्त्रीची माणसं खाली डबा खात होती. तिनं वही काढली. आठ मीटर शहाऐंशी. तिचंच अक्षर, खाली दोन रेघा. मग मिस्त्रीनं आपली पट्टीची टेप काढली, एक टोक त्यानं धरलं, एक हिनं. नऊ मीटर बारा.

सव्वीस सेंटिमीटरची चूक. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर माणूस भिंतीला दोष देतो. सव्वीस सेंटिमीटरला दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी नसतं.

तिनं सांगितलं, फट बुजवायला फिलर पट्टी मारून टाका. मिस्त्रीनं मान हलवली. फिलर म्हणजे चार बोटं, बाई. ही जागा तर एक माणूस पाठ लावून उभा राहील एवढी आहे. तो हे बोलण्याच्या ओघात म्हणाला आणि आपली पेन्सिल शोधायला लागला. ती त्याच्याच कानावर होती.

३

मिस्त्री चहाला गेला तशी तिनं यंत्र काढलं. दाराकडच्या भिंतीला त्याची पाठ टेकवली, बटण दाबलं. आठ शहाऐंशी. पुन्हा दाबलं. आठ शहाऐंशी. जागा थोडी बदलली, तेव्हा आठ एक्क्याहत्तर.

मिस्त्री परत आल्यावर तिनं त्याच्या देखत मोजलं. नऊ बारा. तो तिच्या वहीकडे एकदा बघून पुन्हा कामाला लागला.

पुढचे तीन दिवस तिचे असेच गेले. यंत्र घेऊन ती दुकानात गेली. दुकानदारानं त्याच्या दुकानाची भिंत बारा वेळा मोजून दाखवली, बाराही वेळा एकच आकडा, आणि यंत्र ठणठणीत आहे असं सांगताना तो तिच्याकडे जरा कनवाळूपणे बघत होता. तिनं तरीही नवीन यंत्र घेतलं. डोळे तपासून आली. नंबर वाढला नव्हता. हवेत पुट्टीची धूळ असते, तिनंही लेझर फसतो, म्हणून तिनं खोली झाडून पाणी मारून घेतली आणि धूळ बसेपर्यंत बाहेर थांबली. खिडकीवर कागद लावून पाहिलं, दार लावून पाहिलं. बाकीच्या तीस खोल्या नव्यानं मोजल्या. प्रत्येक आकडा मिलिमीटरला मिलिमीटर जुळला.

फक्त नववी खोली. फक्त लांबी. आणि फक्त ती एकटी असली की.

ही शेवटची गोष्ट तिनं वहीत लिहिली नाही. लिहिण्यासारखी नव्हती. एकटं असताना माणसाच्या हातून चुका जास्त होतात, यात विशेष ते काय. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ती कधी एकटी मोजतच नव्हती; खोलीच्या पलीकडच्या टोकाला कायम दादा असायचा, भिंतीला टेकून, तिच्या आकड्याची वाट बघत. सवय मोडली की हात चळतो. असं तिनं स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता तिला इतका संताप आला की तिनं यंत्र खिडकीत आपटलं. भिंत आहेस ना, मग भिंतीसारखी वाग, असं ती त्या कोऱ्या पिस्ता भिंतीला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. मग दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

निघताना तिनं शेवटचं एकदा बटण दाबलं. आठ चव्वेचाळीस.

४

परिपत्रकांकडे नवव्या खोलीची दोन मोजमापपत्रकं पोचली होती. एकात आठ शहाऐंशी, दुसऱ्यात नऊ बारा, दोन्हींखाली धाकटीची सही. त्यांनी तिला समोर बसवलं, पाणी मागवलं, आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शाळेत दोन मुलांची उत्तरं सारखी निघाल्यावर ठेवतात तसे. इथे अडचण उलटी होती.

त्यांचा सूर मात्र प्रेमळ होता. उपरोक्त खोलीविषयी कुणाचा काही आक्षेप नाही, म्हणाले. प्रसंगच तसा आहे, आम्ही समजू शकतो. एवढा मोठा आघात. फक्त पत्रक एकदा दुसऱ्या नजरेखालून गेलं तर बरं. एक नवी फर्म आहे, तरुण मुलं आहेत, चुणचुणीत आहेत. तीच पुढे वरच्या दोन मजल्यांचंही बघतील. म्हणजे तुमच्यावरचा भार हलका.

धाकटीला चोवीस वर्षांत कुणी भार हलका करतो म्हटलं नव्हतं. ती पाणी प्यायली. दोन्ही कागद उचलले, घडी केली आणि पर्समध्ये घातले. गुरुवारी सकाळी तुम्हाला एक पत्रक मिळेल, ती म्हणाली, त्यावर एकच आकडा असेल, आणि तो चुकला तर मी स्वतः त्या मुलांना किल्ल्या देईन.

जिना उतरताना तिला वाटलं, आपण फार ताठ बोललो. मग वाटलं, दादा असता तर याहून ताठ बोलला असता आणि वर त्यांचा चहाही पिऊन आला असता.

५

बुधवारी दुपारी तीनला वाचनकक्षाच्या साठ खुर्च्या आल्या. हमालांनी त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्याच ओळीनं मांडल्या, सगळ्यांच्या पाठी त्या कोऱ्या भिंतीकडे, आणि ते गेले. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. खाली कुठेतरी कुणीतरी नळ चालू-बंद करून बघत होतं.

हाताचा भरवसा नको म्हणून धाकटीनं शिडी दाराकडच्या भिंतीला लावली आणि यंत्र शिडीच्या मधल्या पायरीवर, पाठ भिंतीला टेकवून, ठेवून दिलं. खुर्च्यांच्या वरून किरण जाईल एवढी उंची. आता हात थरथरला तरी हरकत नव्हती, हात मध्ये नव्हताच. तिनं बटण एका बोटानं दाबलं आणि हात मागे घेतला. आठ शहाऐंशी.

आजवर ती आकड्याकडे बघत होती. आज तिनं मान वर करून ठिपक्याकडे बघितलं.

लेझरचा लाल ठिपका भिंतीवर पडतो तेव्हा त्याला काठ असतो, तो भिंतीच्या खरखरीला चिकटून बसतो. हा ठिपका भिंतीच्या थोडा अलीकडे होता. कशावर पडलाय ते दिसत नव्हतं. मागे भिंत दिसत होती, पिस्ता रंग दिसत होता, रंगाऱ्यानं सोडलेला ब्रशचा एक केससुद्धा दिसत होता. ठिपका तेवढा अलीकडे. आणि तो हलत होता. अगदी थोडा, पाव बोट वर आणि पाव बोट खाली, सावकाश, मध्ये किंचित थांबून.

धाकटीनं शिडीला हात लावून बघितला. शिडी पक्की होती. यंत्र पक्कं होतं. ती किती वेळ उभी होती तिला कळलं नाही, पण नंतर तिच्या लक्षात आलं की ती त्या ठिपक्याच्या लयीत श्वास घेत होती.

भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला आठवलं ते बारा वर्षांपूर्वीचं. पहिलं लेझर यंत्र घेतलं, तेव्हा दादा मुद्दाम किरणाच्या वाटेत जाऊन उभा राहायचा आणि ती आकडा म्हणाली की पोट आत घ्यायचा. आता किती आला? तीन सेंटिमीटर वाढला ना? मग वहिनीला सांग, मी बारीक झालो. साइटवर सगळे हसायचे आणि हिचा जीव जायचा, कारण तिला काम उरकायचं असायचं.

“दादा,” ती म्हणाली, अगदी तेव्हाच्याच वैतागानं, “बाजूला हो.”

बटण दाबलं. नऊ बारा.

खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत प्लॅस्टिक थोडं सळसळलं, इतकंच.

तिनं आकडा मोठ्यानं म्हटला, वहीत लिहिला, दोन रेघा मारल्या. खाली बसून पत्रकावर सही केली. सही करताना तिला रडू आलं, आणि ते बरंचसं सुटकेचं होतं. तिचं चुकलं नव्हतं. तिचा हात गेला नव्हता. तिनं फक्त माणूस मोजला होता.

६

सांगायचं कुणाला तर वहिनीला. दुसरं होतं कोण. वहिनी फर्मचे कागदपत्र बघायची, आणि नवरा गेल्यापासून तिनं त्याच्या टेबलाला हात लावला नव्हता. त्याचं अर्धं ड्रॉइंग अजून तिथेच, कोपऱ्यांवर वजनं ठेवलेलं. धाकटीनं त्याच टेबलाशी उभं राहून सगळं सांगितलं. आकडे, दुकानदार, ठिपका, बाजूला हो.

वहिनी कागद टोचत होती. सांगून झाल्यावरही टोचत राहिली.

“घरी नाही आले ते,” ती शेवटी म्हणाली. “आठ महिने मी पुढच्या दाराची कडी लावत नाही, लोक काय काय बोलतात. घरी नाही आले. साइटवर बरे आले.”

वहिनीनं पंचिंग मशीन बाजूला ठेवलं.

“तसे घरी वेळेवर कधी आले होते म्हणा,” ती म्हणाली, आणि हसली, आणि मग तिचा आवाज बदलला. “वन्सं, तुम्ही मोजमापाची माणसं. उंची घेतलीत का?”

वहिनी तिला वन्सं फक्त चिडली की म्हणायची. धाकटी नाही म्हणाली. उंची घ्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

घ्या, वहिनी म्हणाली. एक मीटर चौऱ्याहत्तर. मला पासपोर्ट बघावा लागत नाही, बत्तीस वर्षं त्यांच्या विजारी मी दुमडल्यात. तुमचा तो ठिपका डोक्याच्या वर गेला की भिंतीवर जाणार ना? मग बघा कुठून जातो. उद्या मी येते. मी आत येणार नाही, दाराबाहेर बाकावर बसते. एक चौऱ्याहत्तरला ठिपका भिंतीवर गेला तर मला हाक मारा. तेवढं झालं की मी तुमच्याकडे कधी काही मागणार नाही.

धाकटीला वाटलं, नको म्हणावं. पण आठ महिन्यांत वहिनीनं तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही हाक मारायची होती. दादा आहे, असं मोठ्यानं म्हणायचं होतं. एका माणसानं तरी आपल्या मोजण्यावर विश्वास ठेवावा, एवढी साधी तिची मागणी होती.

७

गुरुवारी सकाळी दोघी आल्या. धाकटीनं पत्रक आधी परिपत्रकांच्या शिपायाकडे दिलं. मग वहिनी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली, पर्स मांडीवर, पाठ ताठ, दवाखान्यात आत नेलेल्या माणसासाठी बसतात तशी. नवी कोरी साडी नेसली होती. धाकटीनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आत साडेदहाचं स्वच्छ ऊन होतं. तिनं दार लोटून घेतलं, शिडी दाराशेजारी भिंतीला लावली, यंत्र छातीच्या उंचीवर धरलं. नऊ बारा. रिकामी खोली. तिचं मन एकदम खचलं.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “ये ना.”

आठ शहाऐंशी.

तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. टेपनं शिडीशेजारी भिंतीवर उंचीच्या खुणा केल्या आणि एकेक पायरी चढत, भिंतीला टेकवत, यंत्र एकेक खूण वर नेलं. एक वीसला आठ शहाऐंशी. एक चाळीसला तेच. एक साठला तेच. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस, तसाच सरळ. एक सत्तरला आठ शहाऐंशी. आता एक चौऱ्याहत्तर, आणि त्याच्या वर भिंत.

तिनं एक शहात्तरला धरलं. आठ त्र्याऐंशी.

केस, तिला वाटलं. त्याचे केस मेले कायम उभे. तिनं एक ऐंशीला धरलं. आठ अठ्ठ्याहत्तर. एक नव्वदला आठ बासष्ट.

ती थांबली. खुणा पुन्हा तपासल्या. खुणा बरोबर होत्या. ती आणखी एक पायरी चढली. दोन मीटर दहा, म्हणजे दाराच्या चौकटीची वरची कड. आठ मीटर चार.

तिच्या डोक्यात इतकी वर्षं जे यंत्र चालत आलं होतं ते आपणहून चाललं. ती नको म्हणत असताना त्यानं आकडे एकावर एक मांडले. खाली पाय भिंतीशी. कंबर भिंतीशी. खांद्यांपासून वर मात्र प्रत्येक खुणेला आकडा लहान. उभी रेघ वर जाता जाता पुढे आली होती. भिंत अशी पुढे येत नाही. जे दारापेक्षा उंच आहे आणि ज्याला छत कमी पडतं, ते तसं येतं. ते वाकतं.

दोन मीटर चाळीसला सहा मीटर नव्वद.

आणि तेव्हा तिला, इतक्या उशिरा, ती साधी गोष्ट कळली की बाजूला हो म्हटल्यावर बाजूला कुणीही होतं. ये म्हटल्यावर येतंही.

शेवटच्या ओळीतलं प्लॅस्टिक सळसळलं. मग त्याच्या पुढच्या ओळीतलं.

“आहेत का गं?” दाराच्या पलीकडून वहिनीनं विचारलं. दाराच्या अगदी जवळून. ती बाकावरून उठली होती. कडी किंचित वाजली.

धाकटीनं शिडीवरूनच एक हात खाली सोडून दार दाबून धरलं.

“नाही, वहिनी.” तिचा आवाज मिस्त्रीशी बोलताना असतो तसा निघाला, कोरडा आणि नीट. “कुणी नाही. भिंतच आहे.”

“नीट मोजलंस?”

“मोजलं. माझंच चुकलं होतं तेव्हा. हात चळला असेल.”

सगळे तिच्याविषयी आठ महिने जे दबक्या आवाजात म्हणत होते ते तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणून टाकलं. तिला वहिनीचा चेहरा दिसत नव्हता आणि त्यासाठी ती दाराची आभारी होती.

“बरं,” वहिनी म्हणाली. “होतं असं. मनाला नको लावून घेऊस. ये सावकाश, मी खाली थांबते.”

वहिनीच्या चपला कॉरिडॉरमधून गेल्या आणि जिना उतरायला लागल्या. धाकटीनं पायऱ्या मोजल्या. समोर बघितलं नाही. तोंडावर कुणीतरी उन्हाच्या आड आल्यासारखी सावली पडली होती, पण खिडकी तिच्या डाव्या हाताला होती आणि सावली समोरून होती. अकरा, मग वळण, मग पुन्हा अकरा. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मिटल्याचाही.

मग तिनं यंत्र समोर धरलं, आणि बटण दाबलं.